ठाण्याचे चार फ्रान्सिस्कन

ठाणे-वसईत ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांबरोबर आला, असं म्हटलं जातं. त्याच्या दोनेकशे वर्षं आधीची ठाण्यातलीच गोष्ट बघा. १३२१ साली तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिबिलिसीचा दिमित्री हे चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातले ख्रिस्ती धर्मबंधू, जहाजानं ठाण्यात उतरले. जायचं होतं पुढे, चीनकडे. मुक्काम केला इथल्याच एका नेस्टोरियन (पूर्वेकडच्या एका जुन्या ख्रिस्ती पंथातल्या) कुटुंबात. म्हणजे ख्रिस्ती वस्ती आधीपासून होतीच! त्या घरात नवराबायकोचं वाजलं, मार खाल्लेली बायको काझीकडे गेली आणि पाहुण्यांना साक्षीला बोलावणं आलं. तिथे विषय मारहाणीवरून धर्मावर घसरला, आणि एप्रिलमध्ये चौघांचीही हत्या झाली. जेम्सला आगीत टाकलं तरी तो जळला नाही, हा भाग मला तरी संतचरित्रांच्या ठरलेल्या साच्यातला वाटतो. त्यांचा साथीदार जॉर्डन तेव्हा ठाण्यात नव्हता, म्हणून वाचला. त्यानं मृतदेह सोपाऱ्याला पुरले. पुढे काही वर्षांनी ओदोरिक नावाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशानं त्या अस्थी उकरून थेट चीनच्या झैतून (आजचं च्वानचौ) बंदरात नेल्या. थॉमसला 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून रोमची मान्यता मिळाली ती मात्र १८९४ साली.