गेशा कॉफी पातळ आहे, पण फिकी नाही

"गेशा म्हणजे नुसतं नाव मोठं, कप चहासारखा पातळ" अशी या कॉफीबद्दल काहींची तक्रार असते. पातळ आहे हे खरं, पण तीच तिची खुमारी. चिकोरीवाल्या दाट फिल्टर कॉफीची सवय असेल तर पहिला घोट फिका वाटतोच. कप जरा निवू द्या. मग जाईसारखा दरवळ येतो, अर्ल ग्रे चहात असतो तो बर्गमॉटचा लिंबट सुगंध येतो आणि मागून पिकल्या पीचचा गोडवा. दूध-साखर मात्र घालू नका, कळकळीची विनंती!

नावाचा जपानमधल्या गेशा कलावंतिणींशी काही संबंध नाही. हे वाण मूळचं इथिओपियातलं. १९३०च्या दशकात तिथून गोळा केलेलं बी टांझानियामार्गे १९५३ मध्ये कोस्टा रिकात पोचलं. पुढे पनामात तांबेरा रोगाला तोंड देईल म्हणून लावलं, पण फांद्या ठिसूळ, उत्पन्न कमी, त्यामुळे शेतकऱ्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. २००४ मध्ये बोकेते भागातल्या ला एस्मेराल्दा मळ्याने याच झाडांची कॉफी वेगळी काढून 'बेस्ट ऑफ पनामा' स्पर्धेत ठेवली, ती पहिली आली आणि लिलावात तेव्हाचा विक्रमी भाव मिळाला.