जंगलातला मध विकत घ्यावा का? (आदिवासींना फायदा की नुसताच धंदा)

सानिका_कोथरूड
परवा एका प्रदर्शनातून जंगलातला मध घेतला, साडेपाचशे रुपये, बाटलीवर एका आदिवासी आजीचा फोटो. घरी आल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला की त्या आजीला यातले किती मिळाले असतील, आणि सगळेच घ्यायला लागलो तर पोळी ओरबाडून नाही का काढणार. नवरा म्हणतो, मग घेऊच नको, जंगलाला हात न लावलेलाच बरा. तेही काही पटत नाहीये.

झाडीपट्टीवाला
ताई, मिस्टरांना सांगा जंगलाला हात न लावणारी माणसं कोथरूडमध्ये राहतात, आमच्याकडे नाही 😄 मी गडचिरोलीचा, धानोरा तालुका. आमच्या बाजूचं मेंढा-लेखा, गोंडांचं गाव. 2006 च्या वनहक्क कायद्यातून 2009 ला जवळपास 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला त्यांना. पण बांबू विकायचा तर वाहतूक पास वनखात्याकडे, कारण तेव्हा कायद्यात बांबू म्हणजे झाड! ते गवत आहे हे आमच्या शेंबड्या पोरालाही कळते. शेवटी एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले तेव्हा कुठे पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. आता किती तोडायचं, बांबूचं कोणतं बेट यंदा सोडायचं हे गावच ठरवते, आणि तेही मतदानाने नाही, सर्वसहमतीने, एक जण अडला तरी सगळे थांबतात. व्यापाऱ्याला एवढा दम कुठला. मधाचंही तसंच, माश्या जाळायच्या नाही, पोळ्यातला फक्त मधाचा भाग कापून घ्यायचा, बाकीचं राहू द्यायचं.

निखिल_बी
मेंढा-लेखा मेंढा-लेखा, किती वर्षं तेच एक गाव दाखवणार राव? त्याच जिल्ह्यात एटापल्लीकडे सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघतंय, जिथे लोकांचा ठाकूरदेव आहे. आणि तेंदूपत्त्याला (विडीचं पान) कोवळी पानं फुटावीत म्हणून आगी लावतात त्या काय शहरातले लोक येऊन लावतात का?

झाडीपट्टीवाला
नाही भाऊ, आगी आमच्याकडचेच लावतात, खोटं कशाला बोलू. पण का ते पण बघा नं. तेंदूचा हंगाम उन्हाळ्यातले मोजके दिवस, रोख पैसा तेवढाच, सत्तर पानांचा एक पुडा, घरातली पोरंठोरं सगळी पहाटेपासून जंगलात. जंगल ठेकेदाराचं असलं की पुढच्या वर्षीचा विचार कोण करते? ग्रामसभा स्वतः लिलाव करून राहिल्या तिथे निदान आग लावणाऱ्याला जाब विचारता येते, कारण जळते ते आपलं. सगळीकडे जमलं असं नाही म्हणत मी, काही ठिकाणी व्यापारी अजूनही पैसे लटकवून ठेवतात. सुरजागडचं म्हणाल तर तोच मुद्दा आहे, तिथे "नाही" म्हणायचा अधिकार कोणाकडे?

सानिका_कोथरूड
म्हणजे घ्यायचा की नाही ते सांगा ना 😅

झाडीपट्टीवाला
घ्या की. फक्त विचारा, कोणत्या गावचा, ग्रामसभेने विकला की मधल्या माणसाने, कोणत्या महिन्यात काढला. मध बारा महिने कधीही मागा, हजर असेल तर जरा संशय घ्या.

सानिका_कोथरूड
आत्ता बाटली बघितली. "मध्य भारतातील घनदाट अरण्यातून" एवढंच लिहिलंय. आजीचं नाव पण नाही.