मदत हवी आहे: रिसेप्शनच्या लॉगिनला एचआयव्ही रिपोर्ट दिसू नये, पोस्टग्रेसमध्ये परवानग्या कशा लावू?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या रुग्णालयाचं वेब अ‍ॅप मी एकटाच सांभाळतो. जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस १४ (डेटाबेस). गेल्या महिन्यात रिसेप्शनवरच्या ताईंनी लिंकमधला रिपोर्ट नंबर चुकून बदलला आणि दुसऱ्याच पेशंटचा एचआयव्ही रिपोर्ट उघडला. पेशंट त्यांच्याच आळीतला. त्यांनी लगेच मला फोन केला, म्हणून निभावलं. गावात असं काही फुटलं तर त्या माणसाला तोंड दाखवणं मुश्कील होतं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानेही ही माहिती जपण्याची जबाबदारी आस्थापनेवरच टाकली आहे.

ते पान दुरुस्त केलं. पण उद्या नव्या पानावर तपासणी लिहायला विसरलो तर? म्हणून डेटाबेसनेच अडवावं असं वाटतं.

आधी रिसेप्शनसाठी वेगळा रोल (डेटाबेसमधला युजर) केला, पूर्ण टेबलवर सिलेक्ट (वाचायची परवानगी) दिलं आणि निकालाच्या कॉलमवरून रिव्होक केलं, म्हणजे ती परवानगी काढून घेतली. काहीच फरक पडला नाही! टेबलवरची परवानगी असेपर्यंत कॉलमवरचं रिव्होक चालत नाही, हे नंतर कळलं. मग ती काढून हवे तेवढेच कॉलम दिले, तर जँगो सगळे कॉलम मागतो आणि 'परमिशन डिनाइड' येतं.

आता रो लेव्हल सिक्युरिटी (कुणाला कोणत्या ओळी दिसाव्यात हे डेटाबेसच बघतो) चालू करून पॉलिसी, म्हणजे तसा नियम, लिहिली आहे. पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसची कमांड लाइन) रिसेप्शनच्या रोलने बघितलं तर ओळी बरोबर लपतात. अ‍ॅपमधून मात्र सगळ्या दिसतात. दोन दिवस झाले, चूक सापडत नाही. कुणी सांगेल का?

उत्तर १:
मायग्रेशन (टेबलं बनवणं-बदलणं) आणि अ‍ॅप एकाच युजरने चालवता ना? मग तो टेबलांचा मालक झाला, आणि मालकाला पॉलिसी लागू होत नाही. मालकालाही ती लागू करणारं 'फोर्स रो लेव्हल सिक्युरिटी' लावा, पण त्याहून बरं म्हणजे अ‍ॅपला मालकी नसलेला साधा युजर द्या. तो सुपरयुजर नको, त्याला पॉलिसी टाळायची मुभा देणारं 'बायपास आरएलएस'ही नको. लॉगिन कुणाचं आहे हे 'सेट लोकल'ने, ट्रान्झॅक्शनच्या आत सांगा; ट्रान्झॅक्शन संपलं की ते आपोआप पुसलं जातं. नुसतं 'सेट' वापरलंत तर तेच कनेक्शन पुढच्या माणसाला मिळाल्यावर डॉक्टरांचे हक्क त्याच्या हाती जातील. आणि कॉलमच्या अडचणीसाठी निकाल वेगळ्या टेबलात काढा.

मूळ प्रश्नकर्ता:
हो, युजर एकच आहे! आज रात्री ओपीडी बंद झाली की वेगळा करतो. एक राहिलं: मासिक अहवालासाठी एक व्ह्यू (टेबलसारखी वाचता येणारी साठवलेली क्वेरी) आहे, त्यातून निकाल फुटतील का?

उत्तर १:
फुटू शकतात. १४ मध्ये व्ह्यू त्याच्या मालकाच्या हक्कांनी चालतो, व्ह्यू वाचणाऱ्याच्याच हक्कांनी चालवणारं 'सिक्युरिटी इन्व्होकर' १५ पासून आलं. तोवर त्या व्ह्यूवरचं रिसेप्शनचं सिलेक्ट आजच काढा.