जोडीने सायकल चालवणारे, या इकडे

गोदाकाठची
काल लेकाच्या सायकलचं पंक्चर काढायला गेले होते. आमचे नेहमीचे चाचा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधता शोधता म्हणाले, "ताई, साहेबांची सायकल दिसत नाही हल्ली. विकली का?" विकली नाही हो चाचा, गॅलरीत आहे. तिच्यावर आम्ही चादरी वाळत घालतो.

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. लेक लहान असताना आम्ही दोघं इथल्या क्लबबरोबर दर रविवारी जायचो. कधी सोमेश्वरवरून गंगापूर धरण, कधी त्र्यंबक रोडने अंजनेरी. सुरुवातीला भयंकर भांडणं व्हायची. मी घामाघूम होऊन अंजनेरीला पोचायचे तेव्हा मंडळींचा दुसरा चहा चाललेला असायचा, आणि नवरा रस्त्याच्या कडेला उभा राहून मला उत्साहाने हात करायचा. त्या हाताचा इतका राग यायचा की विचारू नका. आणि हा माझ्याबरोबर मागे राहिला तर दर दोन मिनिटांनी "गिअर बदल, गिअर बदल".

मग क्लबातल्या एका ज्येष्ठ काकांनी फर्मान काढलं, नवरा-बायकोने एका गटात जायचं नाही. तो वेगवाल्यांत, मी निवांत गटात, भेट थेट चहाच्या टपरीवर. तिथून आमची गाडी जी रुळावर आली ती बरीच वर्षं टिकली. माझ्या स्वतःच्या मैत्रिणी झाल्या. तो नसला तरी मी जायला लागले, मग ते बघून तोही यायला लागला.

पुढे सासऱ्यांचं आजारपण, मग लेकाची दहावी, आणि सुटलंच. आता परत सुरू करायचंय, आणि महिन्यातून एकदा वगैरे नाही, नियमित. तुम्ही जोडीने कसं जमवता? कोण आधी उठतं? कोण कुरकुरतं? आठवेल तसं लिहा.

वैतागवाडी
पहिली! आमच्याकडे ट्रेडमिल आहे, तिच्यावर ओढण्या. चादरींचं वजन पेलणारी सायकल म्हणजे दणकट असणार, ठेवा जपून.

घाटवेडा सातारकर
आमच्यात उलटं. बायको पुढे, मी मागे. यवतेश्वरचा घाट तिला पाणी. सुरुवातीलाच सगळ्यात हलका गिअर टाकते आणि पाय नुसते भिरभिरत ठेवते, बोलत बोलत वर. मी आपला मर्द गडी, जड गिअरवर ताकद लावत निम्म्यात गार. वर कासच्या रस्त्याला ती सेल्फी काढून, शेंगा खाऊन, येणाऱ्या-जाणाऱ्यांना "माझे मिस्टर येतायत मागून" सांगत बसलेली असते. एकदा एका भल्या माणसाने मला येऊन विचारलं, "तुम्हीच का ते मिस्टर?"
काकांचं फर्मान एकदम पटलं. आमच्या क्लबालाही कळवतो.

वैतागवाडी
@घाटवेडा "तुम्हीच का ते मिस्टर" 😂😂 टी-शर्टवर छापून घ्या

सदाशिव खवट
क्लब, फर्मान, गट! आमच्या वेळी पुणं सायकलींचंच शहर होतं. पुढच्या दांडीवर पोरगं, मागच्या कॅरिअरवर बायको, हँडलला भाजीची पिशवी, आणि डबलसीट म्हणून हवालदाराने अडवलं की सगळे खाली. लक्ष्मी रोडपासून पर्वतीपर्यंत असे जायचो. त्याला जोडीने सायकलिंग म्हणतात हे आज कळलं.

मिरजेची मंजिरी
काका, काकूंना विचारा हो कॅरिअरवर बसून कसं वाटायचं ते. 😀

सदाशिव खवट
विचारलं. "खड्डा आला की आधी सांगायचे नाहीत" म्हणाली. विषय बंद.

वारा_पुढून
नेदरलँड्समधून. इथे अख्खं गाव सायकलवर, त्यामुळे वेगळं "सायकलिंगला जाणं" असं काही नसतंच असं वाटलं होतं. पण इथल्या रिटायर्ड जोडप्यांचा रविवार बघण्यासारखा असतो. वाटेवरच्या नाक्यांना नंबर दिलेले असतात. घरी बसून चिठ्ठीवर आकडे लिहायचे, २३, ४७, १२, आणि पाट्या बघत जायचं. फोन काढायची गरज नाही, रस्त्यावरून वाद नाही. आमच्या घरात शांतता नांदण्याचं मोठं कारण ही चिठ्ठी आहे. आकडे मी लिहिते, पाट्या तो बघतो.
चढ नाहीत पण वारा असा की उतारावरही पेडल मारावं लागावं. मग नवऱ्याला पुढे घालायचं आणि त्याच्या चाकामागे चिकटून जायचं, निम्मे कष्ट वाचल्यासारखे वाटतात. लग्नाचा एवढा थेट फायदा मला दुसरा सापडलेला नाही. आणि वेगात फार फरक असेल तर हळू असणाऱ्याला बॅटरीवाली सायकल. माझ्या शेजारीण आजी तशीच जाते, आजोबा धापा टाकत मागे.

नाईट रायडर ३००
मी आणि बायको दोघं बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. शर्यत नाही, वेळेत पोचायचं. चारही एकाच सीझनला केले की एसआर, म्हणजे सुपर रँडोनिअर. बायको एसआर आहे, मी ६०० ला अडकलोय. इथे मात्र काकांचं फर्मान मोडावं लागतं, कारण रात्री कुणीतरी सोबत लागतंच.
अनुभव एकच सांगतो. पहाटेचे तीन-साडेतीन, हायवेवरचं गाव, कंट्रोलला, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणी, पोचल्याचा पुरावा म्हणून एटीएमची पावती घ्यायची होती. आत एसी. दोघं हेल्मेटसकट भिंतीला टेकून बसलो ते तिथेच लागली डुलकी. वॉचमनने उठवलं आणि काही न विचारता बाहेर चहा पाजला. बायको आजही म्हणते की आमचा खरा हनिमून तोच.
२०२७ ला पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आहे. १२०० किमी, नव्वद तास, दर चार वर्षांनी. तिची तयारी चालू आहे. माझं काय, बघू.

घाटवेडा सातारकर
@नाईट रायडर तुम्हीच का ते मिस्टर?

नाईट रायडर ३००
🙏

रंकाळा
आमचं हे सायकल चालवत नाहीत. गुडघा. पण क्लबात मेंबर आहेत, फी भरून! दर रविवारी मागून गाडी घेऊन येतात, डिकीत पंप, ट्यूबा, केळी, राजगिऱ्याच्या वड्या, थर्मास. पन्हाळ्याच्या चढाला निम्मा क्लब यांच्याकडं बघतच वर येतोय. मला कमी आणि बाकीच्यांना जास्त पाणी पाजतात. मागच्या महिन्यात मी गेले नाही, ताप होता, तर हे एकटेच गेले गाडी घेऊन. आता बोला.

गोदाकाठची
@रंकाळा ताई, हे सगळ्यात गोड आहे. भावोजींना साष्टांग नमस्कार.

पोहे_विथ_रस्सा
मूळ प्रश्न कुणी विचारतच नाहीये. साडेपाचला घराबाहेर पडायचं तर पोळ्या कधी करता??? आमच्याकडे सासूबाई, दोन मुलं, रविवारी सगळे घरी. नवरा शूज घालून दारात तयार आणि मी ओट्यापाशी. शेवटी तो एकटाच जातो आणि वर "तू यायलाच मागत नाहीस".

मिरजेची मंजिरी
अगदी अगदी!! यावर धागा काढा.
आमच्याकडे ठरलंय, रविवारी स्वयंपाक नाही. येताना मिसळ पार्सल. पहिले दोन महिने सासूबाई बोलायच्या, आता सकाळी फोन करून सांगतात "तर्री वेगळी बांधून आण". शिवाय शनिवारी रात्रीच हवा भरून, बाटल्या भरून, कपडे खुर्चीवर काढून ठेवतो. सकाळी शोधाशोध झाली की एकाचं मन मोडतंच.

वैतागवाडी
तर्री वेगळी बांधावी लागते हे ज्याला कळतं ते घर सुखी.

पोहे_विथ_रस्सा
नवऱ्याला हा प्रतिसाद वाचून दाखवला. "बरं" म्हणाला. बघते.

दोन पेडल चार पाय
आम्ही तोडगा काढला टँडमचा, म्हणजे दोघांनी मिळून चालवायची एकच सायकल. जुनी घेतली. पुढचा हँडल-ब्रेक-गिअर सांभाळतो, मागच्याने फक्त पाय मारायचे आणि विश्वास ठेवायचा. मागे मी. कुणी पुढे-मागे राहण्याचा प्रश्नच मिटला. सपाटीला आणि उतारावर जोरात पळते, कारण माणसं दोन पण वारा एकालाच कापावा लागतो. बोपदेव घाटात मात्र दोघांचे श्वास एकदम ऐकू येतात. सुरुवात करताना दोघांनी एकाच वेळी पाय मारायला हवेत, "एक दोन तीन" असं मोठ्याने म्हणावं लागतं, सोसायटीतली पोरं पण म्हणतात आमच्याबरोबर.
तोटे: लिफ्टमध्ये उभी करूनही मावत नाही. गाडीवर बांधता येत नाही. आणि तो खड्डा आधी सांगत नाही.

सदाशिव खवट
पहा!

गोदाकाठची
हसून हसून वाट लागली. नाशिकमध्ये आषाढीच्या आधी पंढरपूरला सायकलने जातात, तिथे टँडमवाली जोडपी दिसतात का कुणाला? आम्ही दोघांनी तेवढं एक ठरवून ठेवलं होतं, राहिलं. आधी सीटचं बघायचंय. जुनी माझी सीट फार टोचायची.

मिरजेची मंजिरी
सीट मऊ नको घेऊ, मऊ जास्त टोचते. बायकांना मागून रुंद लागते. आणि उंची: टाच पेडलवर ठेवून खाली नेलं की गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा ठेवायचा, आपोआप थोडा वाकतो. नवऱ्याने त्याच्या अंदाजाने लावून दिलेली उंची कधीच बरोबर नसते.

नाईट रायडर ३००
आणि गॅलरीत इतकी वर्षं उभी आहे तर टायरला बाजूने चिरा गेल्यात का बघा, ट्यूबाही बदला. व्हॉल्व्ह कुठला आहे? बारीक पितळी आणि टोकाला छोटा स्क्रू असेल तर तो प्रेस्टा. स्क्रू सैल करून एकदा दाबायचा, फुस्स झालं की मग पंप. साध्या दुकानातला पंप बसत नाही, पितळी अॅडॅप्टर मिळतो बोटाच्या पेराएवढा. दोन घ्या, हरवतोच.

गोदाकाठची
बारीकच आहे. थँक्स दादा. नवरा आत्ता बॅटरी घेऊन गॅलरीत गेलाय, चादरी माझ्या अंगावर टाकून.

वारा_पुढून
@दोन पेडल चार पाय, तुमच्या टँडमची फ्रेम स्टीलची की अॅल्युमिनियमची? आमच्या इथे सेकंडहँड बघतोय.

दोन पेडल चार पाय
स्टील. जड आहे पण पंचवीस वर्षं जाईल. घेताना मधली लांब चेन सैल आहे का ते नक्की बघा, सैल असली की पडते आणि दोष मागच्याला येतो.

घाटवेडा सातारकर
विकायची असेल तर सांगा. बायकोला मागे बसवून घाट चढतो.

दोन पेडल चार पाय
विकायची नाही. आणि तुम्ही मागे बसा.