विषय: शनिवारचा हंटर एड वर्ग – मोठ्यांच्या हातात बंदूक द्यायची की नाही?

प्रेषक: अविनाश
मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी,
हंटर एडचा, म्हणजे शिकार-सुरक्षेच्या प्रशिक्षणाचा वर्ग ठरल्याप्रमाणे शनिवारी सकाळी ९ ला, हॉलच्या तळघरात. १४ नावं आली आहेत, ९ मुलं आणि ५ मोठे. मुलांची काळजी नाही. १८ च्या आतल्यांना शिकण्यासाठी, जबाबदार माणसाच्या थेट देखरेखीखाली बंदूक हातात देता येते, तसं ५९४ मध्ये, म्हणजे बंदूक दुसऱ्याला देताना डीलरकडून बॅकग्राउंड चेक लावणाऱ्या आपल्या वॉशिंग्टन राज्याच्या नव्या कायद्यात, स्पष्ट लिहिलंय. अडचण पाच मोठ्यांची आहे. ४ डिसेंबर २०१४ ला कायदा लागू झाला, त्यानंतर मोठी माणसं असलेला माझा हा पहिलाच वर्ग.

चेकमधून सूट देणाऱ्या सवलती मी तीनतीनदा वाचल्या. नवराबायको चालतात. मान्यताप्राप्त शूटिंग रेंज चालते. शिकारीला गेल्यावर चालतं, पण घेणाऱ्याचं सगळं प्रशिक्षण झालेलं हवं आणि लायसन्स हातात हवं. माझ्या वर्गातल्या माणसाचं प्रशिक्षण झालेलं नसतं, म्हणून तर तो माझ्याकडे येतो! तळघरात बसलेला ३५ वर्षांचा नवशिका कुठल्याच कलमात बसत नाही.

त्यात कुंपणाचा धडा. दोघांनी तारेचं कुंपण ओलांडायचं, पहिल्याने बंदूक उघडून, रिकामी असल्याची खात्री करून दुसऱ्याकडे द्यायची, दुसऱ्याने 'घेतली' म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. म्हणजे बंदूक दुसऱ्याच्या हाती नीट कशी द्यावी हाच धडा, आणि देणं हेच कायद्याच्या कक्षेत येतंय.

गुरुवारपर्यंत ठरवायचंय. कुणाला काही सुचतंय?
अविनाश

---

प्रेषक: सुधीर
मंगळवार, रात्री १०:१५

अविनाश, तू उगाच ताण घेतोयस. दोन मिनिटं हातात धरायला दिली तर त्याला ट्रान्सफर कोण म्हणेल? डिसेंबरात राज्याच्या राजधानीत, ऑलिम्पियाला कॅपिटलसमोर शेकडो माणसं जमली, पोलिसांच्या डोळ्यांदेखत एकमेकांना बंदुका दिल्या, एकालाही अटक झाली नाही. घे वर्ग नेहमीसारखा.

आणि हॉलचं डिपॉझिट मागच्या संक्रांतीचं अजून परत आलेलं नाही, ते कोण बघतंय?

---

प्रेषक: प्राची
मंगळवार, रात्री ११:०२

सुधीर, कायद्यातली व्याख्या बघ. मोबदला न घेता दुसऱ्याला हेतुपुरस्सर बंदूक सोपवणं म्हणजे ट्रान्सफर, त्यात भेट आणि उसनं देणं दोन्ही आलं. किती मिनिटं हे कुठेही लिहिलेलं नाही. पहिल्यांदा जाणूनबुजून मोडला तर ग्रॉस मिसडिमीनर, म्हणजे ३६४ दिवसांपर्यंत कैद आणि ५,००० डॉलरपर्यंत दंड. पुढच्या वेळी थेट फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा. ऑलिम्पियात पोलिसांनी अटक केली नाही म्हणून कायदा बदलला असं होत नाही.

मी नोव्हेंबरमध्ये ५९४ ला 'हो' म्हटलं होतं आणि आजही म्हणेन. अनोळखी माणसाला पार्किंगमध्ये बंदूक विकताना बॅकग्राउंड चेक हवाच. ५९ टक्के लोकांनी तेच म्हटलं. पण मतदान करताना अविनाशकाकांचा वर्ग माझ्या डोळ्यांसमोर नव्हता हे खरं. आमच्या ईशानने त्यांच्याकडेच कोर्स केला.

---

प्रेषक: सुधीर
बुधवार, सकाळी ७:२०

प्राची, तू मतदान केलंस म्हणून सांगतो. लिंडनच्या म्युझियमने दुसऱ्या महायुद्धाच्या प्रदर्शनातल्या, लोकांकडून मागून आणलेल्या रायफली नोव्हेंबरातच मालकांना परत द्यायचं ठरवलं, लागू होण्याच्या आत. काचेच्या कपाटातल्या! अठरा पानी कायद्याचा हा परिणाम. पार्किंगमधल्या विक्रीसाठी दोन पानं पुरली असती.

---

प्रेषक: निखिल
बुधवार, सकाळी ८:०५

नमस्कार, त्या पाच मोठ्यांमध्ये मी आहे. माझा व्हिसा एच-वन. मित्रांबरोबर एलेन्सबर्गच्या बाजूला हरणाच्या सीझनला जायचंय. मला डीलरकडून बॅकग्राउंड चेक करून घेता येईल का? फी मी भरेन. अविनाशकाका, तुम्हाला त्रास नको.

---

प्रेषक: अविनाश
बुधवार, दुपारी १२:३०

निखिल, बरं झालं सांगितलंस. तुझी गोष्ट या सगळ्यांपेक्षा वेगळी आणि जास्त जपायची आहे.

५९४ राज्याचा. तुझ्यावर त्याआधी फेडरल कायदा आहे. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. अपवाद आहेत, त्यातला तुझ्या उपयोगाचा एक: वैध हंटिंग लायसन्स हाती असणं. पण १ जानेवारी १९७२ नंतर जन्मलेल्याला इथे लायसन्ससाठी हंटर एड लागतं. म्हणजे आधी कोर्स, मग लायसन्स, आणि बंदूक लायसन्सनंतर. शिवाय या राज्यात ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाचे वेगळे नियम आहेत, काहींना शेरिफकडून परवाना घ्यावा लागतो, ते वकिलाकडून नीट समजून घे. चेकला पैसे भरून यातलं काही सुटणार नाही.

सुधीर, हे तुलाही. ऑलिम्पियात उभे होते त्यांच्यावर खटला झाला असता तर बहुधा दंडावर निभावलं असतं. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्हिसाधारकाला देशाबाहेर काढता येतं. निखिलचं घर, नोकरी, सगळं त्यात जाईल. माझ्या वर्गात मी हे होऊ देणार नाही.

फायरिंग पिन काढून टाकू असंही कुणी सुचवू नका. फेडरल कायद्यात नुसता रिसीव्हर, म्हणजे बंदुकीचा मधला मुख्य सांगाडासुद्धा बंदूकच धरतात.

---

प्रेषक: मेधा
बुधवार, दुपारी १:१०

अविनाशदादा, काल फोनवर कुणीतरी म्हणालं की तळघर नको तर मराठी शाळेची खोली घेऊ. मी आत्ताच सांगते, नाही. ती खोली शाळेच्या इमारतीत आहे आणि आपण भाडेकरू आहोत. शाळेच्या अधिकाऱ्यांनी मंजूर केलेल्या सेफ्टी कोर्सला आवारात बंदुका आणता येतात हे मला माहीत आहे, पण ती मंजुरी मागायला मी जाणार नाही. सहा वर्षं खपून मिळवलेली जागा आहे. इयत्ता तिसरीची परीक्षाही त्याच शनिवारी आहे.

तुमच्या कामाबद्दल मनात काही नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

---

प्रेषक: वसंत
बुधवार, दुपारी ३:४५

मेधाचं बरोबर आहे. दापोलीला आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतसंरक्षणाचा परवाना. रानडुकरं भात लोळवून टाकायची. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची. मी बारा-तेरा वर्षांचा असेन, आजोबांच्या मागून ती खांद्यावर घेऊन चालायचो आणि ते दर वळणावर मागे बघायचे. 'नळी आभाळाकडे' एवढंच बोलायचे. परवानाधारक समोर असला तर त्याच्या वापरासाठी दुसऱ्याने वाहून नेलेली चालते, असं तिकडच्या १९५९ च्या कायद्यात आहे हे मला फार उशिरा कळलं.

अविनाश, तुला या कामाचे पैसे मिळतात का रे?

---

प्रेषक: अविनाश
बुधवार, रात्री ९:००

वसंतराव, एक पैसा नाही. पण माझे तास मी नीट लिहून देतो, कारण राज्य ते स्वतःचा हिस्सा म्हणून दाखवतं आणि त्यावर फेडरल निधी येतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याचा, रायफली आणि काडतुसांवरच्या ११ टक्के करातून. म्हणून वर्ग रद्द केला तर फक्त माझा शनिवार वाया जात नाही.

तुमच्या आजोबांचं वाक्य मी वर्गात सांगणार आहे. मोठा माणूस पहिल्यांदा बंदूक घेतो तेव्हा कुणी हाक मारली की अख्खा वळतो, आणि नळी पाच जणांवरून फिरते. हे पुस्तकात वाचून सुटत नाही. माझा हात त्याच्या हातावर असावा लागतो. मुलं पटकन शिकतात, मोठ्यांनाच हा धडा जास्त लागतो, आणि त्यांच्याचसाठी वाट बंद झालीय.

मी असं ठरवतोय. सकाळी तळघरात मोठ्यांना फक्त नारिंगी प्लास्टिकच्या बनावट बंदुका, कुंपणाचा धडाही त्यांच्यावर. दुपारी रेंजवर खऱ्या.

---

प्रेषक: प्राची
बुधवार, रात्री १०:२०

काका, रेंजच्या कलमात 'बंदूक सर्व वेळ तिथेच ठेवलेली' असे शब्द आहेत. ती कायमची रेंजवरच राहणारी हवी, की देवघेव चालू असेपर्यंत? तुमच्या तर घरून येतात.

---

प्रेषक: सुधीर
बुधवार, रात्री १०:३१

बघा! हेच मी म्हणतोय.

---

प्रेषक: अविनाश
गुरुवार, सकाळी ६:५०

प्राची, मी त्याचा अर्थ देवघेव चालू असेपर्यंत असा घेतो, पण माझ्या अर्थावर इतरांना उभं करणार नाही. रेंजवाल्यांशी बोललो. त्यांच्या स्वतःच्या, तिथेच राहणाऱ्या दोन रायफली आणि एक शॉटगन आपल्याला वापरता येतील. माझ्या स्वतःच्या बंदुका पेटीतच राहतील. चार मोठे दुपारी १ ला रेंजवर. निखिल, तू माझ्या शेजारी उभा राहून बघायचंस, हात मागे. सकाळच्या बनावटीवर तुझ्याकडून दुप्पट सराव करून घेईन.

बनावट दोनच आहेत माझ्याकडे. आणखी कुणाच्या गराजमध्ये असतील तर उद्या संध्याकाळपर्यंत आणून द्या.

---

प्रेषक: निखिल
गुरुवार, सकाळी ७:१५

चालेल काका. मी ८ ला येऊन खुर्च्या लावतो. पोहे १४ जणांचे करू की पालक धरून २०?