मदत हवी आहे: 'रिलेटिव्ह'ला दोन्ही अर्थांचा मराठी शब्द

मंडळी, एका शब्दाने दोन दिवस डोकं खाल्लंय. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, सोसायटीतली पोरं पोस्टरं करतायत आणि मराठी मजकूर बघायचं काम माझ्या गळ्यात. भाचीच्या पोस्टरचं नाव आहे 'इट्स ऑल रिलेटिव्ह'. डावीकडे शेजारशेजारी धावणाऱ्या दोन लोकल, उजवीकडे आमच्याच घराची वंशावळ. इंग्रजीत एका शब्दात दोन्हीकडचं काम झालं, मराठीत माझी पंचाईत. मोबाईलला विचारलं तर म्हणे 'हे सर्व नातेवाईक आहे'!

लोकलपुरतं 'सापेक्ष' ठीक आहे. सापेक्ष वेग, सापेक्ष आर्द्रता, आइन्स्टाइनचा १९०५ चा सापेक्षता सिद्धांत, कानाला सवय आहे. (दोन गाड्या एकाच दिशेने ६० च्या स्पीडने चालल्या तर समोरच्या डब्यातला माणूस जागेवरच दिसतो, उलट दिशेने आल्या की तोच १२० ने सुसाट, हे तिने मस्त काढलंय.) पण सापेक्ष म्हटल्यावर मामा-मावशी कोणाला आठवतात? बरं नात्याकडून यावं तर तिथे तुलना नाहीच, वर प्रत्येक शब्दाची वेगळी तऱ्हा. सोयरे लग्नाने जोडलेले, भाऊबंद एका कुळातले, आप्तेष्ट फक्त निमंत्रण पत्रिकेत. जो-जी-जे ना व्याकरणात 'संबंधी सर्वनाम' म्हणतात म्हणून 'संबंधी' पण बघितला, हिंदीत तो नातेवाईकाला चालतो, पण मराठीत मला त्याने 'पाणीपट्टीसंबंधी सूचना'च आठवते.

आणि नुसती कोटी असती तर सोडून दिली असती, पण वंशावळीत खरंच मुद्दा आहे. माझ्या आईच्या चौकोनातून बाण काढलेत. मला आई, भाचीला आजी, काकांच्या पोरांना काकू, बाबांच्या बहिणीच्या पोरांना मामी, मामाच्या पोरांना आत्या, बाबांच्या बहिणीला स्वतःला वहिनी. बाई तीच, बघणारा बदलला की नाव बदललं. भाची म्हणाली, "म्हणजे आजी पण लोकलसारखीच ना गं मावशी, कुठून बघतो त्यावर आहे." यावर आई किचनमधून काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

आत्तापर्यंत सुचलेलं: 'कोणाच्या नात्याने?' मला हे आवडलंय, 'अध्यक्ष या नात्याने' म्हणतो तेव्हा रक्ताचं नातं नसतंच की, म्हणजे शब्द जरा ताणला जातो. नवरा म्हणतो लोकलला कसलं आलंय नातं. दुसरं, 'मामी कोणाची, वेग कोणाचा?' हे भाचीला आवडलंय पण लांब होतंय, कार्डशीटवर वरच्या पट्टीत मोठ्या अक्षरात तीनच शब्द मावतात.

तीन शब्दांत कोणाला काही सुचतंय का? 'सापेक्ष' टाळून मिळालं तर फारच छान, तिसरी-चौथीतली पोरं पण वाचणार आहेत. रविवारी रात्रीपर्यंत चालेल, सोमवारी रंगवायला बसायचंय.