चार दिवस शी नाही, तरी बाळ मजेत
अडीच महिन्यांच्या बाळाने चार दिवस शी केली नाही, आधी दिवसातून सहा-सात लंगोट भरायचे, असं तुम्ही लिहिलंय. बाळ फक्त अंगावरच्या दुधावर असेल तर या वयात हे अगदी नेहमीचं आहे. साधारण सहा आठवड्यांनंतर अनेक बाळांची शी अचानक कमी होते. आईचं दूध इतकं छान पचतं की बाहेर टाकायला फारसं काही उरतच नाही. काही बाळं तर आठवडाभरही करत नाहीत आणि मग एकदम दुपट्यापासून झबल्यापर्यंत सगळं माखून ठेवतात!

किती दिवसांनी झाली यापेक्षा कशी झाली ते बघा. मऊ, पिवळी, मोहरीसारखे दाणे असलेली असेल तर तो बद्धकोष्ठ नव्हे. कुंथताना तोंड लालबुंद झालं तरी घाबरू नका. दिवसाला सहा-सात वेळा शू होतेय ना, दूध नीट पितंय ना, वजन वाढतंय ना?

सासूबाई म्हणतात तसं विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची कांडी मात्र शी व्हावी म्हणून कृपा करून शीच्या जागी लावू नका. आतली त्वचा फार नाजूक असते. एरंडेल, गुटी, वरचं पाणीही नको.

पोट टम्म फुगलं, हिरवी उलटी झाली, शीमध्ये रक्त दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे जा. शी पांढुरकी, खडूसारखी दिसली तरीही लगेच दाखवा. तो पित्तनलिकेचा आजार असू शकतो आणि त्याची शस्त्रक्रिया जितकी लवकर होईल तितकी चांगली.